लेकराचे दुखणे किती, हे ओळखावे कसे?

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे. थंडीत तिचे हातपाय फार दुखतात. पण मोबाईल दिला की ती गप्प बसते, म्हणून सासूबाई म्हणतात, पोरगी सोंग करते. वारंवार औषध दिल्याने सवय लागेल का?
— एक आई, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, मोबाईलमध्ये जीव रमला म्हणजे दुखणे थांबले असे नव्हे, लक्ष गुंतले की वेदना सोसवते, एवढाच त्याचा अर्थ. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे वरून सूज वा जखम दिसत नसतानाही हाड असह्य ठणकू शकते. तेव्हा पोरीचा शब्द खरा माना.

दवाखान्यात या वयाच्या मुलांचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात. बेरीज 4 ते 6 आली तर वेदना मध्यम आणि 7 किंवा अधिक आली तर तीव्र समजतात. घरी तुम्हीही पाहा : ती पाय पोटाशी घेऊन पडते का, चप्पल घालताना पाऊल मागे ओढते का, कडेवर घेतल्यावरही कण्हते का. औषधानंतर तासाभराने हेच पुन्हा पाहून वहीत लिहा.

पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. चूक होते ती मापात. दर किलो वजनामागे 10 ते 15 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसातून चारदाच. मुलगी 16 किलोची असेल तर 200 मिलिग्रॅमसाठी 250च्या (म्हणजे दर 5 मिलीत 250 मिलिग्रॅम औषध असलेल्या) बाटलीतून 4 मिली, पण 120च्या बाटलीतून 8 मिलीहून थोडे जास्त लागते. म्हणून घरच्या चमच्याने नव्हे, बाटलीसोबतच्या मापानेच द्या. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असते, ते सोबत नको. अ‍ॅस्पिरिन तर मनाने मुळीच देऊ नका. भरपूर पाणी पाजा, कोमट शेक द्या; बर्फ लावू नका आणि बिब्ब्याचे चटके तर कुणालाही देऊ देऊ नका.

ताप 101 अंशांवर गेला, छाती दुखली, धाप लागली, पोट डावीकडे फुगले, पोरगी एकाएकी पांढरी पडली, एक हात-पाय लुळा पडला किंवा औषधानेही कण्हणे थांबले नाही, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा आणि सिकलसेलचे कार्ड व ती वही सोबत न्या. तिथे डॉक्टरांनी मॉर्फिन द्यायचे ठरवले, तर सवयीच्या भीतीने नाही म्हणू नका.