विचारा की! : ‘या विषयावर साहित्यच नाही’

मॅडम, मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधिकेचा विषय ‘करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांची सद्यःस्थिती’. साहित्याचा आढावा, म्हणजे विषयावर आधी झालेल्या लेखनाचा आढावा, लिहायचा आहे, पण गूगलवर विषय टाकला की बातम्यांशिवाय काही येत नाही. वर्गातले सगळे म्हणतात, ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ असं लिहून मोकळी हो. चालेल का? आणि संदर्भ किती हवेत?
– एक वाचक, वडणगे

लिहू नकोस बाई. ते वाक्य दिसलं की परीक्षक पेन खाली ठेवतो आणि तिथंच फोनवर शोधायला बसतो. पाच मिनिटांत त्याला काहीतरी सापडतं. मग तोंडी परीक्षेत तू आणि तो!

तू तालुक्याच्या नावानं शोधलंस, म्हणून हात रिकामे राहिले. करवीर हे तुझं क्षेत्र, विषय नव्हे. गुऱ्हाळावर कोण कोण असतं ते आधी मांड. ऊस घालणारा शेतकरी, गुऱ्हाळमालक, काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, नजर ठेवणारा गुळव्या, तिच्याखालच्या चुलवाणात चिपाड सारणारा गडी, आणि इकडं मार्केट यार्डात सौदा काढणारा अडत्या. हंगामी मजुरी, मजुरांना आगाऊ दिलेली उचल, अडतीची पद्धत, उसासाठी साखर कारखान्याशी चाललेली ओढाताण, या प्रत्येकावर स्वतंत्र लेखन आहे. त्यात ‘करवीर’ हा शब्द नसेल, एवढंच.

शोधतानाचे शब्दही बदल. इंग्रजी लेखांत ‘जॅगरी’ असतं तसंच ‘गुर’ही असतं, आणि जोडीला ‘खांडसारी’. अन्नविषयक आंतरराष्ट्रीय लेखनात ‘नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर’ म्हणतात. कोलंबियात गुळाला ‘पनेला’ म्हणतात, आणि तिथल्या छोट्या उत्पादकांवर बरंच लिहिलं गेलंय. त्यांची गुऱ्हाळं आणि आपली यांत फरक काय, हा परिच्छेद तुझ्या प्रबंधिकेत आला तर मी तरी खूश होईन.

आता घराजवळचं. आपल्या कोल्हापुरातच राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. लखनौला भारतीय ऊस संशोधन संस्था आहे. चुलवाणाची रचना, जळण, रस निवळायला रानभेंडी वापरावी की हायड्रॉस पावडर हे रसायन, यावर शास्त्रज्ञांचे लेख असतात. समाजशास्त्राची पोरं ते उघडत नाहीत, ‘ते सायन्सवाल्यांचं’ म्हणून. अगं, हायड्रॉस का घालतात? पेठेत पिवळ्याधमक गुळाला भाव मिळतो म्हणून. गुळाचा रंग कोण ठरवतं हा तुझाच प्रश्न आहे की!

जुन्यासाठी १८८६ सालचा कोल्हापूरचा गॅझेटियर बघ. शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, तो धागाही धर. शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय, खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र, तर आहेच, पण १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरातही एकदा जाऊन ये. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचे अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापले जातात, ते वाचता येतात. वाचताना एवढंच ध्यानात ठेव, की गॅझेटियर साहेबाच्या कारभारासाठी लिहिला होता आणि मानांकनाचा अर्ज मानांकन मिळवण्यासाठी.

आढाव्याचा खरा गाभा इथंच आहे, म्हणून जरा थांबते. कोणी काय लिहिलं हे सगळेच नोंदवतात. कोणी कोणाला विचारून लिहिलं, हे फार थोडे बघतात. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी कारखान्याचा अभ्यास केला. त्यांचं लक्ष कारखान्यातल्या राजकारणावर, निवडणुका नि गटांवर. डोनाल्ड ॲटवूड यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांकडून पाहिलं, आणि छोटा शेतकरीही सहकारात टिकला, त्याला फायदा झाला, असं मांडलं. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेत ऊसतोड मजुरांकडून तोच धंदा पाहिला, तर चित्र पिळवणुकीचं निघालं. यात खरं कोण नि खोटं कोण, असा निवाडा करत बसू नकोस. कारखान्याच्या सभासदाला विचारलं तर एक उत्तर येतं, तोडकऱ्याला विचारलं तर दुसरं. शिवाय मुलूखही वेगळा.

हे ध्यानात आलं की तुझी प्रश्नावली आपोआप बदलते. गुऱ्हाळमालकांच्या मुलाखती घेऊन तू ‘सद्यःस्थिती’ लिहिणार होतीस ना? तसं केलंस तर ती मालकांची सद्यःस्थिती होईल. गुळव्या या हंगामात कुणाकडं आहे, त्याची उचल किती, पोरगा त्याच धंद्यात येणार का, हे मालक सांगणार नाही. त्याला ठाऊकही नसेल. आढावा आधी आणि नमुना निवड, म्हणजे कोणाला विचारायचं हे ठरवणं, नंतर करायची ती याचसाठी. बहुतेकजण प्रश्नावली वाटून झाल्यावर आढावा लिहायला बसतात आणि मग त्या प्रकरणाचा पुढच्या प्रकरणांशी काही संबंधच राहत नाही.

लिहिताना परिच्छेदाची सुरुवात आडनावानं करू नकोस. ‘बाविस्कर यांनी अभ्यास केला. ॲटवूड यांनी अभ्यास केला. ब्रेमन यांनी अभ्यास केला.’ ही झाली हजेरी. त्याऐवजी ‘ऊसधंद्यातला फायदा कोणाच्या पदरात पडला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत’ असं वाक्य घाल आणि मग तिघांना समोरासमोर बसव. त्यासाठी वाचतानाच एक तक्ता कर: प्रश्न काय, कोणाला विचारलं, कुठं, कधी, काय सापडलं, आणि शेवटच्या रकान्यात तुझी शंका. तो शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर तो लेख तू नुसता चाळलास असं समज.

शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांतले जुने प्रबंध मिळतात. त्यातलं आढाव्याचं प्रकरण वाट शोधायला वापर, उचलायला नको. तिथं एखादा लेख दिसला की मूळ लेख गाठ. गूगल स्कॉलरवर लेखाखाली त्याचा हवाला देणाऱ्या नंतरच्या लेखांची यादी असते, तीही बघ. संदर्भ किती, हे मी सांगणार नाही. नव्या लेखाच्या संदर्भसूचीत सगळी नावं ओळखीची दिसू लागली की थांब.

मग ‘पोकळी’, म्हणजे आधीच्या संशोधनात राहून गेलेली जागा, कुठली लिहायची? ‘कोल्हापूरच्या गुळावर तंत्रज्ञान आणि बाजारभाव या अंगांनी लेखन मिळते, गुळव्यांच्या कामाच्या अटींबद्दल मला अमुक ठिकाणी शोधूनही फारसे आढळले नाही.’ कुठं शोधलं ते सांगितलंस की परीक्षकाला फोन काढायचं कारण उरत नाही. अर्थात, हे शोधून झाल्यावरच लिहायचं!

माझा प्रबंध सॉफ्टवेअरनं तपासला, तर इतर लेखनाशी साधर्म्य ९ टक्के आलं. १० च्या आत म्हणजे वाङ्मयचौर्य नाही, असं सहकारी म्हणतात. बरोबर ना?
– एक प्राध्यापक, गडहिंग्लज

सर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, हे खरं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० ला वर्षभर पुन्हा सादर करायला बंदी, ६० च्या पुढं नोंदणी रद्द. हवाला देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. पण यंत्र शब्दांचं साम्य मोजतं, चोरी नव्हे. अवतरणचिन्ह न देता घेतलेला एकच परिच्छेद त्या ९ टक्क्यांत असू शकतो. अहवालातल्या रंगवलेल्या ओळी एकेक करून पाहा. आणि इंग्रजी लेखातली दोन पानं मराठीत करून नाव न देता घातली असतील, तर यंत्र बहुधा शून्य दाखवेल. मराठीतल्या प्रबंधांत हे मी पुष्कळ पाहिलंय. तुमच्याबद्दल म्हणत नाही.

चॅटजीपीटीकडून संदर्भांची यादी घेतली. त्यातले तीन लेख ग्रंथपालांनाही सापडेनात. ते कुठं मिळतील?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

बहुधा कुठंच नाहीत. हे यंत्र खऱ्या नियतकालिकाचं नाव, खऱ्या अभ्यासकाचं नाव आणि शोभेलसं शीर्षक जुळवून कधीच न छापलेला लेख तयार करतं. त्या वर्षाचा तो अंक उघडून अनुक्रमणिका बघ. नसेल तर तो संदर्भ काढून टाक. सापडलेले लेखही उघडून वाच, कारण लेख खरा असला तरी त्यात तू लिहिलेला मुद्दा असेलच असं नाही.