त्याला विचारलंस का?

प्रिय बेटा,

पत्रक मिळालं. दोनदा वाचलं. खाली बेचाळीस सह्या आहेत आणि त्रेचाळिसावी माझी असावी असं तुझं म्हणणं. सहीला नाही म्हणत नाही, पण आज करतही नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुला टाळाटाळ वाटली असती, म्हणून लिहितो.

मला समजलं ते असं. त्या प्रकाशनातल्या एका संपादक बाईंनी एका नव्या लेखकाच्या हस्तलिखिताला बैठकीत 'कोट्यातलं साहित्य' म्हटलं, आणि ते नाकारलं गेलं. हजर असलेल्या कोणीतरी हे बोलणं बाहेर सांगितलं, स्क्रीनशॉट फिरला, आणि दोन दिवसांत 'यांचं एकही पुस्तक घ्यायचं नाही' असं तुमच्या वाचनगटानं ठरवलं. लेखक आपल्याच विदर्भातला. पत्रकात त्याचं नाव तीनदा आलंय. त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. त्याला फोन केलास का?

तसं कोणी बोलणारच नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. मी ते ऐकलेलं आहे. पंचविशीत मी नागपुरात बर्डीवरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचो आणि रात्री कथा लिहायचो. कथांचं बाड एका प्रकाशकाकडे दिलं. तीन महिन्यांनी परत आलं तेव्हा माझ्या आजीच्या तोंडचं 'मले काय मालूम बापा' खोडून 'मला काय ठाऊक' केलेलं होतं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'यांची भाषा आधी धुवून घ्यावी लागेल.' त्यातला 'यांची' हा शब्द अजून जात नाही. भाषा माझी एकट्याची नव्हती ना, म्हणून.

मित्र खवळले. त्यांनी त्या प्रकाशकाच्या दारात निदर्शनं केली, माझ्या नावानं घोषणा दिल्या. मला कोणी विचारलं नव्हतं. मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, त्यात माझं नाव आलं, आणि मग दुसऱ्या कुठल्या प्रकाशकानं ते बाड सोडूनही पाहिलं नाही. त्या मित्रांवर माझा राग नाही; ते माझ्यासाठी उन्हात उभे होते. पण त्यांच्यातल्या एकानं जरी विचारलं असतं, 'तुले काय पाहिजे?', तर मी सांगितलं असतं की मला आजीचं वाक्य परत पाहिजे.

आता तुमच्या पत्रकातला तो शब्द. बहिष्कार. तुमच्या वयाला तो निषेधाचा शब्द वाटतो, आणि स्वदेशीच्या चळवळीपासून तो तसा आहेही. पण आपल्या वस्तीत तो फार आधीपासून वेगळ्या अर्थानं ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली ती बहिष्कृत हितकारिणी, आणि महाडच्या तळ्यानंतर पंधरवड्यात, ३ एप्रिल १९२७ ला, पाक्षिक सुरू केलं ते 'बहिष्कृत भारत'. दलित-आदिवासींची स्थिती पाहायला मुंबई सरकारनं १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते स्वतः होते. १९३० च्या तिच्या अहवालात हेच आहे की दलितांनी हक्क मागितला की गाव मारहाणीपेक्षाही बहिष्काराचं हत्यार जास्त परिणामकारकपणे वापरतं. वाण्यानं मीठ द्यायचं नाही, शेतावर काम द्यायचं नाही, वाट अडवायची. माझ्या आजोबांच्या गावी हे घडलेलं आहे. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली, आणि तो लागू झाला जुलै २०१७ मध्ये. इतकी वर्षं लागली.

तुम्ही पुस्तकं न घेणं म्हणजे तो बहिष्कार नव्हे, आणि तो कायदाही तुम्हाला लागत नाही. आपले पैसे कुठे घालायचे हा वाचकाचा हक्कच आहे. पण तुमच्या ग्रुपवर कोणीतरी त्या बाईंचा फोटो आणि राहत्या सोसायटीचं नाव टाकलंय, खाली 'हिला कुठेच काम मिळू नये' असं लिहिलंय. हे वाचताना मला गाव आठवलं. ते आजच्या आज काढायला लाव. बाकी सगळं नंतर बोलू, पण हे आज.

पैशाचंही बघ, कारण पत्रकात लिहिलंय की याने प्रकाशनाची कंबर मोडेल. तीनशे रुपयांच्या पुस्तकातून विक्रेत्याची आणि वितरकाची सूट जाते, कागद, छपाई, बांधणी जाते. मानधन दहा टक्के धरलं तर लेखकाच्या हातात तीस रुपये पडतात. मराठीत हजाराची आवृत्ती काढतात, हल्ली पाचशेचीही. त्यातल्या दोनशे प्रती गोदामात राहिल्या तर मोठा प्रकाशक ते दुसऱ्या पुस्तकावर भरून काढतो. तिथल्या एखाद्या नव्या लेखकाची मात्र दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि दुसरं पुस्तक कोणी मागत नाही. त्या बाईंचा पगार ठरल्या तारखेला होतो.

अमेरिकेत २०१५ साली टॉर नावाच्या विज्ञानकथा छापणाऱ्या प्रकाशनाबाबत असं झालं होतं. तिथल्या एका वरिष्ठ कर्मचारी बाईंनी स्वतःच्या फेसबुकवर विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांवरून झालेल्या वादातल्या गटांना निओ-नाझी वगैरे म्हटलं. त्यांनी माफी मागितली, संस्थापक टॉम डोहर्टी यांनी हे कंपनीचं मत नाही असं जाहीर केलं, तरी जूनमध्ये बहिष्काराची हाक आलीच. आणि ज्यांचा अपमान झाला म्हणून पुस्तकं घ्यायची नव्हती, त्यांच्या बाजूच्या एका लेखकाची पुस्तकं टॉरच छापत होतं. तिथली बाजू आपल्याहून अगदी उलटी होती, उजव्यांना शिवी दिली म्हणून तो राग होता. हत्यार मात्र हेच. आज तुम्ही ज्या पद्धतीनं ते चालवाल, उद्या तीच पद्धत एखाद्या आंबेडकरी संपादकावर चालवली जाईल, तेव्हा तिला चूक म्हणायला तुमच्याकडे जागा राहिली पाहिजे.

मग गप्प बसायचं का? अजिबात नाही. तसं सांगायला मी हे लिहीत नाहीये. आधी लेखकाशी बोल, ग्रुपसाठी नाही, त्याच्यासाठी. त्याला नाव नको असेल तर नाव काढ. मग बैठकीत हजर असलेल्या माणसाला विचार की तो हे लेखी देईल का. नसेल देणार तर पत्रकात 'असे कळते' लिहा, 'म्हटले' लिहू नका. आणि काय हवं ते मागा. तुमच्या पत्रकात शिक्षा आहे, मागणी नाही. हस्तलिखित नाकारण्याचं कारण लेखकाला लेखी द्या, ते दुसऱ्या संपादकाकडून वाचून घ्या, संपादक विभागात आपल्याकडची किती माणसं आहेत ते सांगा, अशा गोष्टी ज्यांना हो किंवा नाही म्हणता येतं. महिन्याची मुदत द्या. उत्तर आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर मी सही करीन, आणि पहिली करीन.

पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं बाबासाहेबांच्या 'मूकनायक' पाक्षिकाची जाहिरात घेतली नव्हती. तरी त्याचा पहिला अंक निघाला, ३१ जानेवारी १९२० ला, शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधारानं. म्हणून आणखी एक विचारून ठेवतो. तुमच्या बेचाळीस जणांनी पाचशे पाचशे रुपये काढले तर एकवीस हजार होतात. त्या मुलाचं हस्तलिखित कुठेच छापलं गेलं नाही तर तेवढ्यात पहिल्या काही प्रती निघतील. त्याला तसं हवं असेल तर. प्रुफं मी वाचीन, एक शब्द न बदलता.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर नेहमीप्रमाणे पुस्तकांचं टेबल लावतोय. चंद्रपूर-गडचिरोलीहून आलेली माणसं खाण्याच्या पैशातून पुस्तकं घेतात तिथं. त्या प्रकाशनाची सोळा पुस्तकं माझ्याकडे खोक्यात आहेत, त्यातली नऊ आपल्याच लेखकांची. ती मांडायची की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. तुझा त्याच्याशी फोन झाला की मला कळव. रात्री दहापर्यंत जागा असतो.

तुझा,
काका