'नमुना दर', 'बिट खोली' आणि तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण

मिरजेच्या एका वाचकांनी विचारले आहे की, तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रणासोबत देण्यासाठी ते जे मराठी माहितीपत्रक तयार करीत आहेत, त्यात 'सॅम्पल रेट'ला 'नमुना दर', 'बिट डेप्थ'ला 'बिट खोली' आणि 'कन्व्हर्टर'ला 'रूपांतरक' म्हटले तर चालेल का. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही शब्दांत दोष नाही. तरीही पहिले दोन वापरू नयेत आणि तिसऱ्याला एक विशेषण जोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

'नमुना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि पूर्णपणे मराठी झाला. त्याच्याच जोडीचा जुना शब्द 'वानगी'. तो आता बहुधा 'वानगीदाखल' या रूपातच भेटतो. दोन्हींचा मूळ व्यवहार एकच, तो म्हणजे थोडा माल पाहून सगळ्या मालाची पारख करणे. ध्वनिमुद्रणात मात्र काय घडते ते नीट पाहावे. मायक्रोफोनमधून येणारा विद्युतदाब क्षणोक्षणी बदलत असतो. यंत्र ठरावीक अंतराने त्याचे माप घेते आणि तो आकडा नोंदवून ठेवते. असे एक माप म्हणजे एक नमुना. बाजारात नमुना पाहून झाला की खरा माल पोत्यात शिल्लक असतोच. येथे मात्र दोन मापांच्या मधले काहीही साठवले जात नाही, शिल्लक राहतात ते फक्त नमुने. म्हणून 'माप' हा शब्द अधिक नेमका ठरेल, असे मला काही काळ वाटत होते. परंतु नमुने पुरेसे दाट घेतले, तर एका मर्यादेच्या आतील सगळी ध्वनिलहर त्यांच्यावरून पुन्हा उभी करता येते, हे या शास्त्राचे मूळ सूत्रच आहे. थोड्यावरून सगळे कळणे हा 'नमुना' शब्दाचा गाभा येथेही टिकून असल्यामुळे तो शब्द ठेवावा.

सॅम्पल रेट म्हणजे दर सेकंदाला किती नमुने घेतले ते. त्यात अडचण आहे ती 'दर' या शब्दाची. 'जन्मदर', 'व्याजदर' यांत 'दर' म्हणजे प्रमाण हे खरे. पण आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभे राहिल्यावर हळकुंड मोडून आतला रंग पाहिला जातो आणि मग दर पुकारला जातो. नमुना आणि दर हे दोन शब्द तेथे रोज शेजारीशेजारी वावरतात. तंबोऱ्याच्या पत्रकावर 'नमुना दर : 48,000' असे छापले, तर आपल्या भागातील ग्राहक ती वाद्याची किंमत समजण्याची शक्यताच अधिक.

'नमुना-वारंवारता' असाही पर्याय काही जण सुचवतात. वारंवारता हा शब्द शालेय पुस्तकांतून रुळलेला आहे, पण तो स्वराच्या कंपनांसाठी. सॅम्पल रेट आणि स्वर दोन्ही हर्ट्झमध्येच मोजले जात असल्याने 48 किलोहर्ट्झ म्हणजे तितक्या उंचीचा स्वर टिपला जातो, असा गैरसमज होतो. वस्तुस्थिती अशी की, ज्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी टिपायचा, तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून नमुने 40,000 हून अधिक हवेत. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी 44,100 हा आकडा ठरला आणि चित्रफितींच्या कामात 48,000 रूढ झाला. तंबोऱ्याच्या बाबतीत ही मर्यादा विशेष महत्त्वाची आहे. घोडीवर तारेखाली सूत सरकवत जवारी लावली, म्हणजे तार घोडीला हलकेच स्पर्शत झणझणू लागली, की मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर उमलतात आणि षड्जाच्या तारेतूनच गंधार ऐकू येऊ लागतो. हा गंधार मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असतो, म्हणून कोणत्याही नमुनावेगात तो सहज मावतो. पण जवारीची चमक त्याच्याही पुष्कळ वरच्या उपस्वरांत असते, आणि तेथे नमुने अपुरे पडले तर नाद मंद वाटतो.

माझा शब्द वर येऊन गेलाच आहे : 'नमुनावेग'. पदार्थविज्ञानाचे शिक्षक आक्षेप घेतील की वेगाला दिशा असते. पण टंकलेखनाचा वेग मिनिटाला 30 शब्द असावा, ही अट नोकरीच्या जाहिरातींत आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत आणि तेथे दिशेचा प्रश्न कोणाला पडत नाही.

'बिट खोली'चा विचार लवकर आटोपतो. ध्वनिमुद्रण खोलीतच होते, तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चार भिंती उभ्या राहणार. येथे सांगायचे असते ते एवढेच, की एक नमुना लिहिताना किती बिट, म्हणजे 0 किंवा 1 असे किती अंक, वापरले. 16 बिटांत 65,536 पायऱ्या मिळतात आणि 24 बिटांत 1,67,77,216. पायऱ्या जितक्या अधिक, तितके आसेचे, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणाऱ्या नादाचे, विरत जाणारे टोक स्वच्छ राहते. 'बिटसंख्या' हा शब्द पुरेसा आहे. 'बिट रेट' ही निराळी गोष्ट आहे, तिला 'दर सेकंदाचे बिट' म्हणावे. 48,000 नमुने, 24 बिट आणि डावा-उजवा असे दोन मार्ग यांचा गुणाकार 23,04,000 येतो.

'रूपांतरक' या शब्दाला विशेषण हवे, कारण मायक्रोफोनही रूपांतरकच आहे. तो ध्वनीची वीज करतो, आणि त्या विजेचे आकडे करणारे यंत्र वेगळे असते. त्याला 'अंकीय रूपांतरक' म्हणावे. कामकरी मंडळी त्या सगळ्या पेटीलाच 'साउंड कार्ड' म्हणतात, तेही कंसात द्यावे. मायक्रोफोनमधून येणारा विद्युतदाब किती पट वाढवून घ्यायचा, त्या 'गेन'चे भाषांतर मात्र करू नये. तो अधिक झाला की लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. 'आवाज फाटणे' या आपल्या शब्दाइतके अचूक दुसरे काही मला सुचत नाही.

आपल्या पत्रकात ही ओळ अशी छापावी : 'नमुनावेग दर सेकंदाला 48,000 (48 किलोहर्ट्झ), बिटसंख्या 24.' किलोहर्ट्झचा आकडा कंसात असू द्यावा, कारण यंत्राच्या पडद्यावर वाचणाऱ्याला तोच दिसणार आहे.