टी (टेस्टोस्टेरॉन, ट्रान्स पुरुष घेतात ते पुरुषी हार्मोन) घेऊन उंची वाढते का? जरा सविस्तर सांगतो

आधी सरळ उत्तर देतो, कारणं मग बघू. तू लिहिलंयस की वय 20, पाळी 12व्या वर्षी सुरू झाली, उंची 5 फूट 1 इंच आणि गेली काही वर्षं ती तिथेच आहे. तर टी घेतल्याने यात वाढ होईल असं धरून चालू नकोस. आणि कुणीतरी तुला सांगितलंय ना की डोस वाढव, इंचभर तरी मिळेल, तो सल्ला तर कानाआडच टाक.

आता का ते. हातापायाच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, हाडाची लांबी तिथेच वाढते. वयात येता येता तो थर हळूहळू हाडात बदलतो आणि एकदा पूर्ण बदलला की परत उघडत नाही, टी नाही, औषध नाही, लटकण्याचा व्यायाम नाही, कशानेच नाही. पाळी सुरू झाल्यावर साधारण 5 ते 7 सेंटीमीटर उंची वाढते (लवकर सुरू झाली तर थोडी जास्त) आणि बहुतेकांची वाढ 14 ते 16 च्या आसपास संपते. तुझं ते होऊन गेलंय.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असं असतं की इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे बुटके राहिलो, म्हणजे टी आला की उरलेली उंची निघेल. पण गंमत अशी की सिस (म्हणजे ट्रान्स नसलेल्या) पुरुषांच्या ग्रोथ प्लेटही इस्ट्रोजेनच बंद करतं! शरीरात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनमधल्या काही भागाचं इस्ट्रोजेन करतं, आणि हाडांना थांबायचा निरोप तिथून जातो. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या पुरुषाची केस प्रसिद्ध झाली होती, त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता कारण रिसेप्टरमध्ये (हार्मोनचा निरोप घेणाऱ्या भागात) बिघाड होता. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरी उंची 204 सेंटीमीटर आणि ग्रोथ प्लेट तेव्हाही उघड्या, माणूस अजून वाढतच होता. म्हणजे टी जास्त घेतला की उंची जास्त हे गणितच चुकीचं आहे, ज्याच्या प्लेट उघड्या आहेत त्याने जास्त घेतला तर त्या उलट लवकर बंद होऊ शकतात.

मग पुरुष सरासरी 13 सेंटीमीटरने उंच का? मुख्य कारण वेळेचं आहे. मुलांची ती झपाट्याने उंच व्हायची फेज साधारण 2 वर्षं उशिरा येते, तोपर्यंत लहानपणीची वाढ चालूच राहते, आणि फेज आली की वेगही थोडा जास्त असतो. ती जास्तीची वर्षं विशीत इंजेक्शनने भरून काढता येत नाहीत, चीड येते मान्य आहे, मलाही यायची.

खाली अजून एकाने विचारलंय, वय 14, पाळी नुकतीच सुरू झालेली, त्याचं वेगळं आहे. भावा, तुझ्या बाबतीत वयापेक्षा हाडांचं वय महत्त्वाचं. डाव्या हाताचा मनगटासकट एक्स-रे काढतात, त्यावरून प्लेट किती उघड्या आहेत ते कळतं. ब्लॉकर (वयात येणं थांबवून ठेवणारी औषधं) चालू असतील तर वाढीचा वेग कमी होतो पण प्लेट बंद व्हायलाही वेळ लागतो, आणि पुढे टी सुरू झाल्यावर वाढीचा झपाटा येऊ शकतो. अशा वयात टी कमी डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, त्यामागे उंचीचाही विचार असतो. कधी सुरू करायचं, किती, हे लहान मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टशी (हार्मोनच्या डॉक्टरांशी) बोल, घरच्यांना सोबत ने, आणि उंचीची काळजी वाटतेय हे पहिल्याच भेटीत सांगून टाक, नाहीतर ते विषय काढतीलच असं नाही. जिममधल्या कुणाकडून काही घेऊन टोचू नकोस एवढं नक्की.

"पण टी वर माझी एक इंच वाढली" म्हणणारे भेटतील. ते खोटं बोलत असतात असं नाही. सकाळी आणि रात्री मोजलं तरी 1-2 सेंटीमीटरचा फरक पडतो, मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात म्हणून. शिवाय छाती लपवायला वर्षानुवर्षं पोक काढून चाललेला माणूस टॉप सर्जरीनंतर (छाती सपाट करायचं ऑपरेशन) ताठ उभा राहिला की उंच दिसणारच आणि पट्टीवरही थोडा जास्त भरणार. बुटांचा नंबर वाढल्याचंही काही जण सांगतात पण त्यावरून हाड लांब झालं असं धरू नका.

ग्रोथ हार्मोनचं विचारलंयस. प्लेट बंद झाल्यावर त्याने उंची वाढत नाही, जबडा, हात, पाय जाड होतात आणि शुगरचा त्रास मागे लागू शकतो. पाय लांब करायची सर्जरी खरी आहे, हाड कापून दिवसाला साधारण 1 मिलीमीटर या वेगाने ताणतात, म्हणजे महिनोनमहिने दुखणं, फिजिओथेरपी, इन्फेक्शनचा धोका. मी तरी कुणाला सुचवणार नाही.

आणि डोसचं परत सांगतो कारण तुझ्या मेसेजवरून वाटतंय की तू मनातून तयारी केलीयेस. जास्त टी ने रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वर जातं, पिंपल्स वाढतात, आणि जादा टी मधला काही भाग शेवटी इस्ट्रोजेनच होतो. आहे तोच डोस ठेव. आवाज, दाढी, खांदे आणि मानेचे मसल्स याला वेळ दे. मी तुझ्यापेक्षा फक्त इंचभर उंच आहे आणि आवाज उतरून दाढी आल्यापासून अनोळखी लोक मला बुटका माणूस समजतात, पण माणूसच समजतात.

तरीही मनात किडा राहत असेल तर पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना मनगटाच्या एक्स-रेचं विचार, आणि काढलास तर रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते इथे टाक, बघू.