अमेरिकेत सीडीएलवर हॅझमॅट एन्डॉर्समेंट घेण्यासाठी परीक्षेची तयारी कशी करावी?

आपल्याकडे न्यू जर्सीचा क्लास ए सीडीएल (ट्रेलरसह जड ट्रक चालवण्याचा व्यावसायिक परवाना) आहे, शाळा सुटल्यापासून रसायनशास्त्राशी संबंध आलेला नाही, आणि इंटरनेटवरचे सरावप्रश्न पाठ करून हॅझमॅटची (धोकादायक मालाच्या वाहतुकीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण होता येईल का, असे आपण विचारले आहे. मी हे एन्डॉर्समेंट (परवान्यावर नोंदली जाणारी जादा परवानगी) असलेला चालक आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो की रसायनशास्त्राची चिंता करू नये आणि पाठांतरावर भिस्त ठेवू नये. या परीक्षेत मुख्यतः एकच गोष्ट तपासली जाते: ट्रकमध्ये काय भरले आहे ही माहिती माल पाठवणाऱ्याकडून चालकाकडे आणि चालकाकडून अपघातस्थळी धावून येणाऱ्या अग्निशामकांकडे न तुटता कशी पोहोचते. हे एकदा लक्षात आले की निम्म्याहून अधिक नियम तर्कानेच आठवतात.

आधी कामाचा क्रम सांगतो, कारण त्यात पुष्कळांचे महिने वाया जातात. 7 फेब्रुवारी 2022 पासून, पहिल्यांदा हे एन्डॉर्समेंट घेणाऱ्याला लेखी परीक्षेपूर्वी एन्ट्री लेव्हल ड्रायव्हर ट्रेनिंगमधील हॅझमॅटचा सैद्धांतिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो देणारी संस्था केंद्र सरकारच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीवर नोंदलेली असली पाहिजे. पैसे भरण्यापूर्वी तिचे नाव तेथे स्वतः तपासावे. या एन्डॉर्समेंटसाठी गाडी चालवण्याची वेगळी परीक्षा नसते. दुसरी बाब टीएसएच्या (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या) सुरक्षा-पडताळणीची. बोटांचे ठसे, गुन्हेगारीविषयक नोंदी आणि इमिग्रेशनचा दर्जा हे सारे त्यात पाहिले जाते. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि इमिग्रेशनच्या काही ठरावीक गटांतील व्यक्तीच त्यासाठी पात्र असतात. एन्डॉर्समेंट हवे असेल त्याच्या निदान 60 दिवस आधी अर्ज करावा, अशी टीएसएचीच सूचना आहे. म्हणून अभ्यास आणि ही पडताळणी एकाच वेळी सुरू करावी.

आता अभ्यास. आपल्या राज्याच्या सीडीएल मॅन्युअलमधील नववे प्रकरण हेच खरे पाठ्यपुस्तक आहे. बहुतेक राज्यांत 30 प्रश्न असतात आणि 80 टक्के, म्हणजे 24 उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रकरणाच्या आरंभीच नियमांचे तीन हेतू दिले आहेत: माल आवरून ठेवणे, धोका कळवणे, आणि चालक व वाहन सुरक्षित असल्याची खात्री करणे. पुढचा प्रत्येक नियम वाचताना तो या तिघांपैकी कोणत्या हेतूसाठी आहे, हे समासात लिहीत जावे. धोक्याचे नऊ वर्ग मात्र पाठ करण्यावाचून इलाज नाही: स्फोटके, वायू, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन, ऑक्सिडायझर (आग भडकवणारे), विषारी व संसर्गजन्य, किरणोत्सर्गी, कोरोझिव्ह (ॲसिडसारखे क्षरणकारक) आणि इतर.

सर्वांत जास्त वेळ शिपिंग पेपरला, म्हणजे मालाचा तपशील देणाऱ्या सोबतच्या कागदाला, द्यावा. मालाचे वर्णन ठरलेल्या क्रमानेच लिहिलेले असते: आधी ओळख क्रमांक, मग अधिकृत नाव, मग वर्ग, मग पॅकिंग ग्रुप (धोक्याची तीव्रता). पेट्रोल भरलेल्या टँकरच्या कागदावर यूएन 1203, गॅसोलीन, 3, पॅकिंग ग्रुप दोन असा क्रम दिसेल. (हा क्रमांक आपण मुंबई-पुणे रस्त्यावरच्या पेट्रोल टँकरच्या मागे नक्कीच पाहिला असेल, संयुक्त राष्ट्रांची क्रमांकपद्धती तेथेही तीच आहे.) एकाच कागदावर साधा मालही नोंदलेला असेल, तर धोकादायक माल आधी लिहावा, किंवा वेगळ्या रंगात उठून दिसेल असा लिहावा, किंवा एचएम या रकान्यात एक्स अशी खूण करावी, असे तीन मार्ग आहेत. कागद कुठे ठेवायचा यावरही प्रश्न हमखास येतो. चालक जागेवर असताना तो सीटबेल्ट न सोडता हाताशी लागेल असा आणि नजरेत येणारा, किंवा चालकाच्या दाराच्या कप्प्यात असावा. चालक खाली उतरला की तो कप्प्यात किंवा चालकाच्या आसनावर ठेवावा. यामागचे कारण समजून घेतले तर उत्तर कधीच चुकणार नाही. चालक बेशुद्ध असेल, तर अग्निशामकाला तो कागद कोणालाही न विचारता सापडला पाहिजे.

त्यानंतर प्लॅकार्डचे, म्हणजे वाहनावर लावायच्या धोक्याच्या पाट्यांचे, दोन तक्ते. येथे परीक्षार्थी सर्वाधिक गोंधळतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पहिल्या तक्त्यातला माल कितीही कमी असला, तरी प्लॅकार्ड लावावेच लागते. दुसऱ्या तक्त्यातला माल सुट्या पिंपांत किंवा खोक्यांत असेल, तर पॅकिंगसह एकूण वजन 1,001 पाऊंड झाल्यावर प्लॅकार्ड सक्तीचे होते. समजा, ट्रेलरमध्ये ज्वलनशील रंगाची 600 पाऊंडांची पिंपे आणि बॅटरीतल्या ॲसिडचे 500 पाऊंडांचे कॅन आहेत. दोन्ही दुसऱ्या तक्त्यातले आहेत. प्रत्येकाचे वजन मर्यादेखाली असल्याने प्लॅकार्ड नको, असे पुष्कळजण उत्तर देतात. पण वजन एकत्र धरायचे असते, ते 1,100 पाऊंड होते, आणि प्लॅकार्ड लागतेच. त्याच ट्रेलरमध्ये क्लोरीनचा एकच लहान सिलिंडर असता, तर विषारी वायू पहिल्या तक्त्यात येत असल्याने वजनाचा प्रश्नच उद्भवला नसता. अशी उदाहरणे स्वतः तयार करून कागदावर सोडवावीत. प्लॅकार्ड वाहनाच्या चारही बाजूंना लागते, ते माल पाठवणाऱ्याने पुरवायचे असते आणि लावण्याची जबाबदारी चालकाची असते. कोणाचे काम कोणते, यावरही प्रश्न येतात.

रस्त्यावरच्या नियमांत आकडे आहेत आणि ते नेमके लक्षात ठेवावे लागतात. रेल्वे फाटकावर सर्वांत जवळच्या रुळापासून 15 ते 50 फुटांच्या दरम्यान थांबायचे आणि रूळ ओलांडताना गिअर बदलायचा नाही. धोकादायक मालाचा टँकर रिकामा असला, तरी हे थांबणे चुकत नाही. 1.1, 1.2 किंवा 1.3 या गटांतील स्फोटके घेऊन जाणारी गाडी वाहत्या रस्त्याच्या पाच फुटांच्या आत कधीही उभी करता येत नाही. अपरिहार्य कामापुरता थोडा वेळ वगळता पूल, बोगदा, इमारत, माणसे जमण्याची जागा किंवा उघडी आग यांच्या 300 फुटांच्या आतही नाही. गाडीवर लक्ष ठेवणारी व्यक्ती जागी असावी, स्लीपर बर्थमध्ये (केबिनमधील झोपण्याच्या जागेत) नसावी, आणि गाडीबाहेर असेल तर 100 फुटांच्या आत, गाडी स्पष्ट दिसेल अशी असावी. स्फोटके किंवा ज्वलनशील पदार्थ असलेल्या गाडीपासून 25 फुटांच्या आत धूम्रपान करू नये. प्लॅकार्ड लागणाऱ्या गाडीत 10 बीसी (ज्वलनशील द्रवांच्या व विजेच्या आगीसाठीचे मानांकन) किंवा त्याहून अधिक क्षमतेचे अग्निशामक उपकरण असावे.

कोणता माल कोणाशेजारी ठेवू नये, हा तक्ता संपूर्ण पाठ करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. विषारी माल माणसांच्या किंवा जनावरांच्या अन्नासोबत भरायचा नाही, नायट्रिक ॲसिड दुसऱ्या मालावर रचायचे नाही, असे ठळक नियम आधी घ्यावेत आणि बाकीचा तक्ता कसा वाचायचा ते शिकावे.

इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक मात्र हातात घेऊन पाहावे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या वाहतूक खात्यांनी मिळून केलेल्या या पुस्तकाची 2024 ची आवृत्ती आहे. पिवळ्या पानांत 1203 शोधले की 128 हा मार्गदर्शिका क्रमांक मिळतो. नारिंगी पानांत ती मार्गदर्शिका उघडली की आग लागल्यास काय करावे आणि लोकांना किती दूर ठेवावे ते कळते. निळ्या पानांत हाच शोध नावावरून घेता येतो. पाच-सहा पदार्थांचा असा शोध घेतल्यावर शिपिंग पेपरवर क्रमांक सर्वांत आधी का असतो, हे आपोआप उमगते.

इंटरनेटवरचे सरावप्रश्न शेवटच्या आठवड्यात, स्वतःची तपासणी म्हणून सोडवावेत. त्यांतले काही जुन्या नियमांवर आधारलेले असतात, त्यामुळे मॅन्युअलशी विसंगत उत्तर दिसले, तर मॅन्युअल खरे मानावे. आपल्या टिपणांची वही जपून ठेवावी, कारण हे एन्डॉर्समेंट नूतनीकरण करताना लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि टीएसएची पडताळणीही पुन्हा होते.

परवान्यावर हॅझमॅटचे एच अक्षर आले, तरी कंपनीने द्यायचे हॅझमॅट प्रशिक्षण त्यात धरले जात नाही. ते वेगळ्या नियमाखाली आहे आणि दर तीन वर्षांनी घ्यावे लागते. नव्या कर्मचाऱ्याला ते पूर्ण होण्यापूर्वी काम करता येते, पण फक्त 90 दिवसांपर्यंत आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या थेट देखरेखीखाली. म्हणून नोकरी स्वीकारताना हे प्रशिक्षण केव्हा होणार आणि तोपर्यंत आपल्यासोबत कोण असणार, हे कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.