विंडोज सर्व्हरवर ओपनव्हीपीएनचा टॅप ड्रायव्हर बसत नाही? आधी हे बघ

अरे, चारदा अनइन्स्टॉल-इन्स्टॉल करून काही होणार नाही, आधी डिव्हाइस मॅनेजर उघड, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्समध्ये टॅप-विंडोजवर (हे व्हीपीएनचं आभासी नेटवर्क कार्ड) पिवळं चिन्ह असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कोड बघ. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीचा घोळ. विंडोज सर्व्हर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टची नुसती अटेस्टेशन सही (पूर्ण चाचणीशिवाय मिळणारी) असलेला ड्रायव्हर सर्व्हर लोडच करत नाही, तोच विंडोज १० वर मस्त चालतो, म्हणून लॅपटॉपवर चालला तर इथे का नाही असं म्हणत बसू नकोस. जुना ओपनव्हीपीएन काढ, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हरसकट अ‍ॅडॉप्टर उडव, रीस्टार्ट, मग नवीन व्हर्जन अ‍ॅडमिन म्हणून टाक. सही तपासणीच बंद कर असं कोणी सांगेल, सर्व्हरवर अजिबात करू नको.

आणि कोडबिड काही नाही पण ओपनव्हीपीएनच्या लॉगमध्ये सगळे अ‍ॅडॉप्टर वापरात आहेत असं येतंय, तर बहुतेक आधीचंच कनेक्शन सर्व्हिस म्हणून मागे चालू असतं, ते बंद कर किंवा ओपनव्हीपीएनच्या टॅपसीटीएल क्रिएट (tapctl create) कमांडने दुसरा अ‍ॅडॉप्टर बनव.

हो, आणि हे रिमोट डेस्कटॉपवरून करत असशील तर जरा थांब, कनेक्ट होताच सगळं ट्रॅफिक व्हीपीएनच्या बोगद्यात गेलं की तुझंच सेशन तुटतं, मी एकदा रात्री अकराला असाच डेटा सेंटरला गेलोय.