आधी मोज, मग लिही

पोरी,

आपल्या जंगलातल्या नाल्यात चोरून रेती उपसणाऱ्या पोकलेनचा व्हिडिओ पाहिला. व्हायरल करू की कलेक्टर ऑफिसला जाऊ, असं विचारतेस. दोन्ही नंतर. आधी त्यानं केलेला खड्डा मोज आणि लिही.

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगल राखायच्या-वापरायच्या गावाच्या हक्काचा, दावा मंजूर झाला म्हणजे जंगल राखलं गेलं, असं समजू नकोस. ब्राझीलमध्ये यानोमामी आदिवासींच्या भूमीची हद्द 1992 साली कायम झाली. तरी सोनं काढणारे हजारोंनी घुसले. सोनं वेगळं करायला वापरलेला त्यांचा पारा नदीत गेला, माशांत गेला, लेकरांच्या अंगात गेला. जानेवारी 2023 मध्ये तिथं आरोग्य आणीबाणी लागली. त्यांच्याकडे सोनं, आपल्याकडे रेती. लूट तीच.

लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी घे, खोली पाच ठिकाणी, आणि सरासरी काढ. 20 मीटर लांब, 6 रुंद, 2 खोल म्हणजे 240 घनमीटर, त्याला 2.83 नं भाग, झाले जवळपास 85 ब्रास (रेती मोजायचं माप, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, पण तो ब्रासवर बसतो, व्हिडिओवर नाही. ‘अवैध उत्खनन सुरू आहे, कारवाई व्हावी’ अशा मोघम अर्जाला उत्तर ठरलेलं: पाहणीत काही आढळलं नाही. पहिल्या पुरात खड्डा बुजला की तेच खरं ठरतं. मोजमापावाचून हातची गेलेली प्रकरणं आठवली की अजून जीव जळतो.

ठराव ग्रामसभेचाच हवा, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवरचा चालणार नाही. ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर, हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया. तेंदूच्या हंगामात सकाळी सभा लावलीस तर कोरम बुडालाच, दिवेलागणीला घे. जंगलाचा कक्ष क्रमांक, तारीख, मोजमाप, रेतीच्या गाडीचा नंबर आणि ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार देणारं वनहक्क कायद्याचं कलम 5, सगळं ठरावात लिही. प्रत तहसीलला आणि वनविभागाला दे, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घे. ‘बघतो’ एवढं ऐकून परतायचं नाही.

रात्री एकटीनं गाडी अडवायची नाही. नाही म्हणजे नाही, बेटा.

कागदानं काय होते, असं गावातली पोरं म्हणतील. म्हणू दे. मला हट्टी म्हटलं तरी चालेल, पण न मोजलेला खड्डा सरकारी दप्तरात खड्डाच नसतो.

टेप फायबरचा घे, 30 मीटरचा. कापडी ओला झाला की माप चुकतं. पाऊस यायच्या आत जा.